शेजारची पट्टी

“गेनबाकाकांना उद्यापासून वेगळं बसवलं तर नाही का चालणार, बुवा?”

निरंजनबुवा ओसरीवर पत्रावळ टाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वेगळं म्हणजे?”

“म्हणजे... त्यांना संध्याकाळी शिकवा. सकाळी मला एकट्याला.”

बुवांनी पळसाचं एक पान उचललं, उजेडाकडे धरून त्याला भोक आहे का ते पाहिलं आणि बाजूला ठेवून दिलं.

“का?”

या प्रश्नाची यशोधन वाटच पाहत होता. गेले तीन दिवस नदीवर कपडे धुताना त्यानं उत्तर घोळवून ठेवलं होतं, ते आता एका दमात सांगून टाकलं. मठात येऊन सात महिने झाले. पोथीची पानं दोनशे चार. आपण आहोत एकसष्टाव्या पानावर. कंपनीनं बिनपगारी रजा दिली आहे ती एक वर्षाची, त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. या चालीनं वर्ष संपेल तेव्हा पोथी जेमतेम अर्धी झालेली असेल.

“अर्धी पोथी घेऊन परत जाऊ मी?” त्याचा आवाज जरा चढला होता. “मला ती पुरी करायचीय, बुवा. तेवढ्यासाठीच आलोय. आणि होणारच नसेल तर मग... परवाची एसटी धरतो.”

खरं तर त्याला जायचं नव्हतं. मठ, नदी, बुवांचा तो सावकाश आवाज, सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पोथी अर्धवट राहिली तर जन्मभर रुखरुख लागेल हेही त्याला ठाऊक होतं. पण अभिमानी माणसाची एक पंचाईत असते. एकदा तोंडातून गेलेला शब्द त्याला मागं घेता येत नाही.

बुवा पत्रावळीला काडी टोचत राहिले.

मठातली पाठाची रीत जुनी होती. सकाळी पोथीचं एक पान वाचायचं. वाचून झालं की बुवा विचारायचे, “शंका?” शंका निघाल्याशिवाय पान उलटायचं नाही, आणि निघाली की ती फिटेपर्यंतही उलटायचं नाही. ज्या पानावर कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही, ते पान वाचलंच नाही असं इथं धरत.

पाठाला बसणारे दोघंच. एक यशोधन, पुण्याचा इंजिनिअर, वय एकतीस. दुसरे गेनबा भोई. पूल होण्याआधी चाळीस वर्षं त्यांनी या नदीवर नाव चालवली होती. आता सत्तरी उलटलेली, कानानं थोडं कमी ऐकू यायचं. शंका विचारायचे ते गेनबाच. आणि शंका तरी कशा!

एकसष्टाव्या पानावर ओवी होती:

वाहते ते पाणी । राहतो तो तीर ।
दोहोंवीण थोर । नदी नाही ॥

“बुवा,” गेनबांनी विचारलं होतं, “तीर म्हंजी कंचा? अलीकडला का पलीकडला?”

यशोधननं तेव्हा आढ्याकडे पाहिलं होतं.

बुवा म्हणाले होते, दोन्ही. दुसऱ्या दिवशी गेनबा पुन्हा सुरू. “नाव मधी आली की दोन्ही बी तीर पलीकडलंच व्हत्यात. मग आपला कंचा?” तिसऱ्या दिवशी बुवा त्यावर नुसते हसले. आज चौथा दिवस, आणि पान अजून तेच.

“यशोधन, तुझं काही?” बुवा रोज न चुकता विचारायचे.

“नाही, बुवा. स्पष्ट आहे.”

सात महिने रोज हेच उत्तर. त्याला ओवी पहिल्या वाचनातच कळायची. निदान त्याची तशी समजूत होती.

“सकाळी पोस्टमन आला होता,” बुवा आता म्हणाले. “तुझी ती पट्टी आली का?”

“आली.”

“मग आधी पेटीचं बघ. तुझ्या बोलण्याचं त्यानंतर बघू.”

पेटी म्हणजे मठातला कॉम्प्युटर. तालुक्याच्या एका शाळेनं नवे घेतले तेव्हा हा जुना मठाला देऊन टाकला होता. ओसरीच्या कोपऱ्यात बुवांच्या फाटक्या धोतराखाली तो झाकलेला असायचा. पोथीचं मूळ बाड इतकं जीर्ण झालं होतं की बोट लागलं तरी कडा गळायच्या. म्हणून पाठ चालायचा तो बुवांनी स्वतः उतरवून काढलेल्या नकलेवरून. मूळ बाडाच्या पानापानाचे फोटो दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मंडळींनी काढले होते आणि सगळे एकाच अगडबंब फाईलमध्ये कोंबून दिले होते. बुवांना ते छापून हवे होते. पण फाईल उघडली की पेटी कशीबशी सत्तराव्या पानापर्यंत जायची आणि मग जी मुकाट बसायची ती उठायचीच नाही.

यशोधननं आल्या आल्या निदान केलं होतं. रॅम कमी पडतेय. बुवांना त्यानं समजावूनही दिलं होतं: पेटीत जे उघडाल ते मांडायला जागा लागते, ती जागा या एवढ्याशा पट्टीवर असते. पेटीत पट्टी एकच आहे, तीही एक जीबीची. शेजारी दुसरीसाठी खाच रिकामी आहे, तिथं दोन जीबीची बसवली की झालं. मात्र इतक्या जुन्या जातीची पट्टी आता सहजी मिळेना. दुकानं पालथी घालून, ओळखीपाळखी काढून शेवटी ती आज सकाळी टपालानं आली होती.

फाईलमधली पानं दोनशे बारा होती. पोथी दोनशे चारची. वरची आठ कसली, हे काही यशोधननं कधी विचारलं नव्हतं. कोरी असतील, असं धरून चालला होता.

त्यानं सीपीयू ओसरीच्या मधोमध आणला, स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा सरकवला. आत धुळीचा जाड थर होता. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्याचं टरफल पडलेलं.

“आरं तिच्या,” मागून आवाज आला. “ह्यात तर बिऱ्हाड हाय की.”

गेनबा घाटावरून आले होते, हातात ओला पंचा. यशोधनच्या कपाळाला आठी पडली. पण उजेड धरायला कुणीतरी हवंच होतं.

“काका, ही बॅटरी धरा. इकडे... हं, अशी.”

त्यानं ब्रशनं धूळ झाडली. मग आत हात घालायच्या आधी, सवयीनं, सीपीयूच्या उघड्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि क्षणभर तसाच ठेवला.

गेनबांनी बॅटरी काखेत धरून हात जोडले.

“नमस्कार नाही करत आहे मी,” यशोधनला हसू आलं. “आपल्या अंगात थोडी वीज साठलेली असते, काका. तशीच घेऊन पट्टीला हात लावला तर ती जळू शकते. म्हणून आधी पत्र्याला हात लावून ती जाऊ द्यायची.”

“दर टायमाला?”

“दर वेळी.”

पलीकडून बुवांचा आवाज आला. “पेटीपाशी येताना एवढं करतोस, आणि पोथीपाशी...”

वाक्य त्यांनी पुढं नेलं नाही. यशोधननंही लक्ष दिलं नाही. त्यानं नवी पट्टी कागदातून काढली, खोडरबर घेतला आणि तिच्या सोनेरी दातांवरून हलक्या हातानं फिरवू लागला.

“काय खोडतायसा, सायेब?”

“काही नाही खोडत. दात साफ करतोय. मग ती नीट धरते.”

“नवीच हाय न्हवं?”

“नवी असली तरी.”

त्यानं पट्टी रिकाम्या खाचेत दाबून बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या टकटक लागल्या. वायरी जोडल्या, बटण दाबलं.

पेटी ओरडायला लागली. एक लांब पींऽऽऽ, थांबली, पुन्हा एक लांब पींऽऽऽ. पडदा काळाठिक्कर.

यशोधननं बटण बंद केलं, पट्टी काढली, पुन्हा रबर फिरवला, पुन्हा बसवली. पुन्हा पींऽऽऽ. चार वेळा झालं. बुवांच्या देखत, गेनबांच्या देखत! कंपनीत तो याहून हजारपट किचकट यंत्रं चुटकीसरशी चालू करायचा.

“जुनी पट्टी नडतेय,” तो शेवटी म्हणाला. “जुळत नाहीये नवीशी.”

त्यानं जुनी उपटून काढली आणि तिच्या जागेवर नवी बसवली. एकटीच.

पेटी गुणी पोरासारखी सुरू झाली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या. रॅम दोन जीबी. वेग आठशे.

“बघितलंत?” यशोधन बुवांकडे वळला. त्याच्या आवाजात नुसत्या पट्टीचा आनंद नव्हता. “जुनी काढली आणि चालली.”

बुवांनी मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही.

त्यानं फाईल उघडली. पानं भराभर पडद्यावर येऊ लागली. सत्तर... शंभर... सव्वाशे. गेनबा तोंड उघडं टाकून बघत होते. एकशे एक्कावन्नाव्या पानावर पेटी थांबली. यशोधन वाट पाहत राहिला. बाण हलेना.

“बसली जनू,” गेनबा म्हणाले.

दोन जीबी पुरत नव्हते. तिसरा लागत होता, आणि तो होता जुन्या पट्टीवर.

यशोधननं माऊस बाजूला सारला. दोन्ही लावाव्यात तर पेटी ओरडते, एक लावावी तर पुरत नाही. एवढ्या महिन्यांचा शोध फुकट गेला, असं त्याला वाटलं. बॅटरी अजून आत रोखलेलीच होती. गेनबा वाकून त्या उजेडात काहीतरी पाहत होते.

“सायेब, येक इचारू?”

यशोधन पडद्याकडेच बघत राहिला.

“तुमी पट्टीचं दात घासलं. डबा झाडला. पन ती जी रिकामी खाच हाय... ती साफ क्येली का?”

“रिकामीच तर आहे ती, काका! तिच्यात आजवर काही बसलंच नाही, तर घाण कुठून...”

तो बोलता बोलता थांबला. गेनबांनी बॅटरी आणखी जवळ नेली. खाचेत तळाशी, इतक्या वर्षांची धूळ दाबून बसून घोंगडीसारखी घट्ट झाली होती. वापरातल्या खाचेत मात्र, मघाशी जुनी पट्टी काढली तेव्हा, कणभरही धूळ दिसली नव्हती.

नाव चालवणाऱ्याला माहीत असतं, वापरात नसलेल्या वल्ह्याच्या जागी गाळ आधी धरतो. यशोधनला ते माहीत नव्हतं. धन्यवाद म्हणायला हवं होतं हे त्याला कळलं, पण जीभ रेटली नाही.

त्यानं पेटी बंद केली आणि बारीक ब्रशनं खाच कोरून कोरून साफ केली. पत्र्यावर हात टेकवला. जुनी पट्टी तिच्या जागेवर, नवी तिच्या शेजारी. बटण दाबलं.

पेटी ओरडली नाही.

“लागली!” गेनबांना पोरासारखा आनंद झाला. बॅटरी विझवून त्यांनी ती यशोधनच्या हातात दिली, पंचा खांद्यावर टाकला आणि वासराला पाणी दाखवायला मागच्या अंगणात निघून गेले.

पडद्यावर पुन्हा दोन ओळी. रॅम तीन जीबी. वेग...

यशोधननं तो आकडा वाचला आणि त्याचं तोंड उतरलं. मग हळूहळू त्याला वेगळंच काही सुचलं. हा तर पुरावाच आयता हाती आला होता. तो उठून बुवांपाशी गेला.

“बुवा, एक गोष्ट दाखवू?”

“दाखव की.”

“नवी पट्टी एकटी होती तेव्हा तिचा वेग आठशे होता. आता शेजारी जुनी आहे, तर वेग सहाशे सदुसष्ट. नवीचा वेग कमी झाला. तिच्यात काही दोष नाही. तिला आठशेनं पळता येतं. पण शेजारची हळू चालते, म्हणून हिलाही तिच्या चालीनं चालावं लागतं.”

“असं कुणी ठरवलं?”

“पेटीच ठरवते. नियमच आहे तसा.”

“हं.”

“मी मघाशी तेच सांगत होतो, बुवा.” आता त्याला थांबवत नव्हतं. “मला गेनबाकाकांबद्दल राग नाही. माणूस देवासारखा आहे. पण त्यांना एक ओवी चार दिवस लागते. मला नाही लागत. मग मी काय करायचं? आयुष्यात एकदा हे वर्ष मिळालंय मला, आणि ते तीर कुठला यात चाललंय.”

बुवांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. कितीतरी वेळानं त्यांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मग हळूवाली काढून टाक.”

“कुठली?”

“पट्टी रे. पेटीतली.”

“ती... नाही काढता येत.”

“का?”

यशोधन अडखळला. “मघाशी काढून बघितली ना. एक्कावन्नाच्या... एकशे एक्कावन्नाच्या पुढं जात नाही.”

“वेग तर चांगला होता.”

“वेग होता. जागा पुरत नाही.”

“बरं. आणि आता किती पानांपर्यंत जातं?”

“अजून पाहिलं नाही.”

“बघ.”

यशोधन परत पेटीसमोर जाऊन बसला. फाईल उघडली. पानं येऊ लागली, मघापेक्षा हळू की तशीच, ते डोळ्यांना काही कळेना. सत्तर गेलं. एकशे एक्कावन्न गेलं आणि पेटीला त्याचं काहीच वाटलं नाही. दोनशे. दोनशे चार. पोथी संपली, खाली नक्षीची वेल काढलेली. मूळ बाडाचं शेवटचं अक्षर तो पहिल्यांदाच पाहत होता.

तो तिथं थांबणारच होता. पण पेटी अजून चालत होती.

दोनशे पाच. कोरं नव्हतं.

वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ज्यांचे वाचन पुरे झाले. खाली ओळीनं नावं. पहिली पानं मोडीत होती, ती त्याला वाचता आली नाहीत. पुढे बाळबोध लिपी सुरू झाली. प्रत्येक ओळीत शक, आणि त्यापुढे ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहिलेलं नाव. दर ओळीला दोन नावं. इथं पाठाला नेहमी दोघंच बसत असावेत.

दोनशे बारावं पान अर्धंच भरलं होतं. त्यावरच्या शेवटच्या तीन ओळी यशोधननं वाचल्या. मग पडद्याजवळ सरकून पुन्हा वाचल्या.

शके १९२१. सुमती परांजपे. गेनबा भोई.

शके १९२९. अन्वर मुलाणी. गेनबा भोई.

शके १९३८. वसंत पेंढारकर. गेनबा भोई.

पहिलं नाव दर वेळी वेगळ्या वळणाचं. दुसरं तिन्ही ठिकाणी तेच, बोटभर उंच, हलत्या नावेत बसून लिहावीत तशी अक्षरं. यशोधनला तर वाटत होतं, त्यांना लिहिता येत नाही.

त्यानं माऊस सोडला. मागच्या अंगणातून गेनबांचा आवाज येत होता. ते वासराशी बोलत होते, पी रं बाबा, पी, कुनी न्हाई घाई करत. एकसष्ट पानं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. दर पानावर कुणी काय विचारलं होतं ते सगळं त्याला आठवत होतं. आपण काय विचारलं, ते मात्र एकाही पानावर आठवेना.

त्याला स्वतःची फार लाज वाटली. तो उठून बुवांसमोर आला आणि उभाच राहिला, कारण बसायचा धीर होईना.

“बुवा...”

“गेलं का शेवटापर्यंत?”

“गेलं. काकांनी तीनदा पुरी केलीय पोथी.”

“हो.”

“तिन्ही वेळा कुणाच्या तरी सोबतीला बसून.”

बुवांनी नवं पान उचललं, उजेडाकडे धरलं.

“मग त्यांना कसली शंका राहिलीय, बुवा? रोज सकाळी का विचारतात ते?”

अंगणात बादलीची कडी वाजली. बुवांनी पान पत्रावळीवर ठेवलं, त्याला काडी टोचली, आणि मग शांतपणे म्हणाले:

“तू विचारत नाहीस म्हणून.”